लुवियन लोक, त्यांची भाषा आणि लिपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लुवियन म्हणजे नक्की कोण?

आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण आणि पश्चिम भाग, आणि पुढे उत्तर सीरिया, या पट्ट्यात इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात आणि त्यानंतर काही शतकं जे लोक लुवियन भाषा बोलत होते, ते लुवियन. याहून मोठी व्याख्या करायला गेलं की पाय घसरतो. 'लुवियन' हे आधी भाषेचं नाव आहे. मध्य तुर्कस्तानातल्या हत्तुसा या हित्ती (हिटाइट) साम्राज्याच्या राजधानीतले कारकून मातीच्या पाटीवर हित्ती मजकूर लिहिता लिहिता मध्येच 'लुविली' असा शब्द टाकतात. अर्थ एवढाच, की आता पुढचं लुवियनमध्ये. त्या एका शेऱ्यावरून आपण भाषेला नाव दिलं आणि भाषेवरून माणसांना. ती माणसं स्वतःला एक समाज मानत होती असं दाखवणारा एकही लेख नाही. या पानावर 'लुवियन लोक' असं जिथे म्हटलंय, तिथे 'लुवियन बोलणारे' असंच वाचावं.

मग लुविया नावाचं राज्य होतं की नव्हतं?

प्रदेश होता, राज्य नव्हे. हित्ती कायद्यांत लुवियाचा उल्लेख येतो, आणि तो फार मजेशीर ठिकाणी येतो. पळालेला गुलाम कोणी परत आणला तर त्याला बक्षीस काय द्यायचं, याचे दर ठरलेले आहेत. जवळपासच पकडला तर जोडे. नदीच्या अलीकडे पकडला तर २ शेकेल चांदी, पलीकडे पकडला तर ३. आणि लुवियात जाऊन पोचला असेल तर ६ शेकेल. शत्रूच्या देशातून आणला तर मात्र आणणाऱ्यानेच त्याला ठेवून घ्यायचं. म्हणजे लुविया लांब होता, त्रासाचा होता, पण शत्रुदेश नव्हता. नकाशा नसलेल्या काळात अंतर सांगायची ही पद्धत मला कुठल्याही नकाशापेक्षा बोलकी वाटते.

याच कायद्यांच्या नंतरच्या एका प्रतीत 'लुविया'च्या जागी 'अर्झावा' आलं आहे. हे अर्झावा पश्चिमेकडचं खरंखुरं राज्य. इजिप्तचा फॅरो तिसरा आमेनहोतेप याने तिथल्या तर्हुन्दरादू राजाशी सोयरीक जुळवायला पत्रव्यवहार केला होता. त्यातली दोन पत्रं इजिप्तमध्ये अमार्ना इथे सापडली आणि ती हित्ती भाषेत आहेत. एका पत्राच्या शेवटी अर्झावाचा लेखनिक समोरच्या लेखनिकाला परस्पर कळवतो, की तुझं नाव लिही आणि इकडे येणाऱ्या पाट्या हित्तीतच लिहीत जा. राजांच्या पत्रात कारकुनांनी आपलं खासगी काम उरकून घेतलंय! पुढे दुसऱ्या मुर्सिली या हित्ती राजाने इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या शेवटी अर्झावा मोडलं आणि मीरा, हपाल्ला, सेहा नदीचा देश असे तुकडे उरले.

हित्ती (हिटाइट) आणि लुवियन एकच का?

नाही. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या, पण वेगळ्या. मात्र हत्तुसातच इ.स.पू. तेराव्या शतकात लुवियन इतकी बोलली जात होती, की शेवटच्या काळातल्या हित्ती मजकुरात लुवियन शब्द जागोजागी डोकावतात. लेखनिक बरेचदा त्यांच्याआधी एक छोटी तिरपी खूण करून ठेवतो. दरबारी भाषा हित्ती आणि रस्त्यावरची बहुधा लुवियन, असं ते चित्र दिसतं.

लुवियनचा संस्कृतशी, पर्यायाने मराठीशी काही संबंध आहे?

आहे, पण लांबचा. लुवियन ही इंडो-युरोपीय कुळातल्या अनातोलियन शाखेची भाषा (अनातोलिया म्हणजे तुर्कस्तानचा आशियाई भाग) आणि संस्कृत त्याच कुळातल्या इंडो-इराणी शाखेची. एक दुसरीची आई नाही, मुलगीही नाही. चुलत घराणी म्हणा, तीही फार आधी विभक्त झालेली. अनातोलियन शाखा सगळ्यात आधी वेगळी झाली असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

तरीही शब्द समोरासमोर ठेवले की गंमत वाटते. घोडा 'अझुवा', संस्कृतात अश्व. कुत्रा 'झुवनी', संस्कृतात श्वन्. मेंढी 'हवी', संस्कृतात अवि. पाय 'पता', म्हणजे पद. मुलगी 'तुवत्रि', म्हणजे दुहितृ. दारूला 'मद्दु' म्हणतात, तोच आपला मधु. आकाशाला 'तप्पस', आणि हा नभस् शब्दाचा भाऊ आहे हे सांगितल्याशिवाय पटत नाही. हित्तीत तो 'नेपिस' असल्यामुळे सांधा जुळतो. बापाला 'तातिस' म्हणतात ते ऐकून 'तात' आठवतो, पण त्यावर फार भार टाकू नये. बाप आणि आई यांचे शब्द पोरांच्या बोबड्या तोंडून जगभर सारखेच निघतात.

मला स्वतःला शब्दांपेक्षा व्याकरणातली एक खोड जास्त भावते. 'राजाचा घोडा' म्हणायला लुवियन बहुतेक वेळा षष्ठी वापरत नाही, 'अस्स' प्रत्यय लावून नामाचं विशेषण करते, आणि ते विशेषण पुढच्या नामाप्रमाणे बदलतं. मराठीत काय होतं? राजाचा घोडा, राजाची गाय, राजाचं घर. मालक तोच, पण प्रत्यय मालमत्तेकडे बघून वागतो. हे नातं वारशाने आलेलं नाही, दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने गाठलेलं आहे. पण हिंदी-मराठी बोलणाऱ्याला जे सहज कळतं, ते इंग्रजीतून शिकणाऱ्याला तासभर समजावून सांगावं लागतं. तर्हुन्तास्सा हे एका शहराचं नावही असंच आहे: 'तर्हुन्तचं', म्हणजे तर्हुन्त या वादळाच्या देवाचं.

मितान्नीच्या तहातले इंद्र, वरुण म्हणजे हेच लोक ना?

नाही. ही गल्लत वारंवार होते, कारण ती पाटीही हत्तुसातच सापडली. हित्ती राजा पहिला सुप्पिलुलियुमा आणि उत्तर सीरियाकडच्या मितान्नी राज्याचा शत्तिवाझा यांच्यातल्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावं साक्षीदार म्हणून येतात. मितान्नीची जनता मुख्यतः हुर्रियन भाषा बोलायची आणि राजघराण्यात इंडो-आर्य नावं होती. लुवियनांचा त्याच्याशी संबंध नाही.

एकाच भाषेला दोन लिप्या कशा?

आपल्याकडे मोडी आणि बाळबोध शेजारी शेजारी नांदत होत्याच की. लुवियनची एक लिपी म्हणजे मेसोपोटेमियातून आलेली कीलाकार, ओल्या मातीवर टोचून लिहायची. हत्तुसाच्या पाट्यांत ती आहे आणि तिच्यात मुख्यतः विधी, मंत्र, गाणी आहेत. दुसरी चित्रलिपी, अनातोलियाच्या मातीतच घडलेली. ती शिक्क्यांवर, खडकांवर, दरवाजांच्या दगडांवर दिसते. परक्या भाषेसाठी आलेली लिपी कोठारात राहिली आणि घरची लिपी चारचौघांत मिरवली. हत्तुसा उजाड झालं तेव्हा कीलाकार लुवियन संपली. चित्रलिपी त्यानंतर आणखी सुमारे ५०० वर्षं टिकली.

चित्रलिपी वाचतात कशी?

चिन्हं साधारण ५००. काही पूर्ण शब्दासाठी, काही अक्षरासाठी. ओळी औत चालतं तशा जातात: एक उजवीकडून डावीकडे, बांधाशी वळून पुढची डावीकडून उजवीकडे. दिशा ओळखायची सोपी युक्ती म्हणजे माणसं आणि प्राणी ज्या बाजूला तोंड करून आहेत, तिकडून वाचायला लागायचं. ओळीच्या आत मात्र चिन्हं एकाखाली एक रचलेली असतात, आणि कोरणाऱ्याला दगड देखणा दिसायला हवा असल्यामुळे तो कधी कधी क्रम सरळ मोडतो. देश दाखवायला दोन शिखरांचा डोंगर, देव दाखवायला मधून रेघ मारलेलं अंडाकृती चिन्ह. गाढवाचं डोकं म्हणजे 'तर्कस्न', गाढवच.

ती उलगडली कशी?

फार हळू, आणि बऱ्याच चुका करत.

सीरियातल्या हमा शहराच्या बाजारात एका घराच्या कोपऱ्यात बसवलेला दगड योहान बुर्कहार्ट या प्रवाशाने १८१२ साली पाहिला. त्याने नोंद केली, की चित्रलिपीसारखं काही आहे, पण इजिप्तचं नाही. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं कोणी फिरकलं नाही. गावकऱ्यांना मात्र ते दगड चांगले ठाऊक होते. एका दगडावर आडवं पडलं की कंबर सुटते, असा समज होता. तिकडे अलेप्पोत एका मशिदीच्या भिंतीतल्या दगडावर लोक दुखरे डोळे घासायचे, आणि त्याने अक्षरं इतकी झिजली की काही वाचता येईना. १८७२ साली दमास्कसचा मिशनरी विल्यम राइट तुर्की सुभेदार सुभी पाशासोबत हमात पोचला आणि दगड भिंतींतून काढून घेतले. त्याच रात्री आकाशात उल्कांचा वर्षाव झाला! गावात हलकल्लोळ. शिष्टमंडळ पाशाकडे गेलं, की हा अपशकुन आहे, दगड परत द्या. दगड परत मिळाले नाहीत, इस्तंबूलला गेले, आणि त्यांचे ठसे लंडनला.

मग ब्रिटिश अभ्यासक आर्चिबाल्ड सेस यांनी एका चांदीच्या शिक्क्याकडे लक्ष वेधलं. स्मिर्नात विकत घेतलेला हा शिक्का ब्रिटिश म्युझियमला दाखवला होता, पण खोटा असेल म्हणून त्यांनी घेतला नव्हता. त्याच्या कडेला कीलाकार आणि मध्ये तोच मजकूर चित्रलिपीत. 'राजा' आणि 'देश' ही दोन चिन्हं त्यातून सुटली. राजाचं नाव तर्कोन्देमोस असं वाचलं गेलं. ते 'तर्कस्नावा', मीरा देशाचा राजा, असं वाचायला १९९८ साल उजाडावं लागलं. इझमीरजवळच्या काराबेल खिंडीतल्या खडकावरचा धनुर्धारीही तोच निघाला. हिरोडोटसने हे शिल्प इजिप्तच्या सेसोस्ट्रिस राजाचं म्हणून सांगितलं होतं.

१९३० च्या दशकात मेरिज्जी, गेल्ब, फोरर, बोसर्ट, ह्रोझ्नी यांनी बरीच अक्षरं सोडवली, पण एकमेकांचं पटत नव्हतं. तो निकाल १९४६ नंतर काराटेपेने लावला. आदानाच्या ईशान्येला, जंगलातल्या टेकडीवरच्या किल्ल्याच्या दोन दरवाजांवर एकच मजकूर फिनिशियनमध्ये आणि चित्रलिपी लुवियनमध्ये कोरलेला. फिनिशियन वाचता येत होती. ज्या जागी फिनिशियनमध्ये 'बाल' देव, त्या जागी लुवियनमध्ये 'तर्हुन्त'. हेल्मुट बोसर्ट यांच्याबरोबर तिथे काम करणाऱ्या हालेत चांबेल या १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तुर्कस्तानकडून तलवारबाजी खेळलेल्या. पुढची कित्येक दशकं त्यांनी काराटेपेलाच दिली आणि दगड हलवू न देता तिथेच उघड्यावरचं संग्रहालय उभं केलं.

तरीही शेवटचा धक्का बाकी होता. तोवर या भाषेला 'चित्रलिपी हित्ती' म्हणत. १९७३ साली हॉकिन्स, मॉर्पुर्गो डेव्हिस आणि नॉयमान यांनी दाखवलं, की 'इ' च्या जातीची म्हणून वाचली जाणारी दोन चिन्हं खरं तर 'झि' आणि 'झ' आहेत. पुरावा कुठला, तर पूर्व तुर्कस्तानात अल्तिन्तेपे इथे सापडलेल्या धान्याच्या रांजणांचा. त्यांवर उरार्तू देशातल्या मापांची नावं चित्रलिपीत लिहिलेली होती आणि मापं दुसरीकडून माहीत होती. दोन चिन्हं बदलली, आणि अनेकवचनाचे प्रत्यय कीलाकार लुवियनशी तंतोतंत जुळले. भाषा हित्ती नव्हतीच, लुवियन होती.

ट्रॉयमध्ये लुवियन बोलत होते का?

शक्य आहे, सिद्ध नाही. हित्ती कागदपत्रांतला 'विलुसा' म्हणजे ट्रॉय, हे आता बहुतेकांना मान्य आहे. दुसऱ्या मुवतल्लीने इ.स.पू. १२८० च्या सुमारास विलुसाच्या अलक्सांदूशी तह केला, आणि होमरच्या महाकाव्यातला ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस म्हणजेच अलेक्झांड्रोस लगेच आठवतो. १९९५ साली ट्रॉयच्या उत्खननात लुवियन चित्रलिपीचा काशाचा शिक्का मिळाला. एका बाजूला लेखनिक पुरुषाचं नाव, दुसऱ्या बाजूला स्त्रीचं. कांस्ययुगीन ट्रॉयमधलं लेखन म्हणाल तर तेवढंच. पण शिक्का खिशातून येतो, त्यावरून अख्खं गाव काय बोलत होतं ते ठरत नाही.

इस्तानुवा नावाच्या गावच्या लुवियन गाण्यांत एक ओळ आहे, जिचा अर्थ कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी 'जेव्हा ते उंच विलुसाहून आले' असा लावला. हे ट्रॉयचं लुवियन महाकाव्य असेल का, यावर पुष्कळ शाई सांडली. इतरांनी तोच शब्द 'कुरण' असा वाचला आहे. एका ओळीवर महाकाव्य उभं करू नये असं माझं मत.

त्यांचे देव कोणते?

सगळ्यांत मोठा तर्हुन्त, वादळाचा आणि पावसाचा देव. नावाचा अर्थ 'जिंकणारा'. वेदात इंद्राला लावलेला 'तूर्वन्त्' हा शब्द त्याच धातूचा. सूर्य तिवद, आणि तो द्यौः, दिव् यांच्या घरातला. चंद्र अर्मा. हरणाचा देव रुन्तिया, रोगराई आणणारा इयर्री, कार्केमिशची राणी कुबाबा.

तर्हुन्त कसा दिसायचा ते पाहायचं तर इव्रिझला. कोन्याच्या पूर्वेला, टॉरस डोंगराच्या पायथ्याशी जिवंत झऱ्याच्या काठावर ४ मीटरहून उंच शिल्प आहे. एका हातात गव्हाच्या ओंब्या, दुसऱ्यात द्राक्षांचा घोस, पायांत टोकं वळलेले जोडे. समोर तुवानाचा राजा वर्पलवा हात जोडून, देवापेक्षा बराच बुटका. राजाचा झगा नक्षीदार, वर टाचणीने अडकवलेली शाल. देव मात्र शेतकऱ्याच्या आखूड अंगरख्यात. दर वर्षी पाणी त्याच झऱ्यातून येतं आणि खालची शेतं त्यावरच पिकतात, म्हणून देवाच्या हातात वज्राऐवजी पीक.

हित्ती साम्राज्य पडल्यावर लुवियनांचं काय झालं?

इ.स.पू. १२०० च्या सुमारास हत्तुसा रिकामं झालं. पण फुरात नदीकाठच्या कार्केमिशमध्ये हित्ती राजघराण्याचीच शाखा गादीवर होती. कुझी-तेशुब हा राजा थेट सुप्पिलुलियुमाच्या वंशातला. तिथून आणि मलात्या, मराश, कुम्मुह, हमा, तबाल अशा लहान लहान राज्यांतून लुवियन लेखांचा खरा बहर आला. हित्तींची गादी गेली, हित्ती भाषा गेली, आणि जी भाषा त्यांच्या काळात पाट्यांवर मध्येच यायची, तिने राजांचे दरवाजे भरले.

कार्केमिशचा यरिरी मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. तो राजा नव्हता. धन्याची मुलं लहान होती म्हणून कारभार पाहत होता. त्याने कोरून ठेवलंय, की मला ४ लिप्या आणि १२ भाषा येतात. शिल्पात तो थोरल्या कमनीला मनगट धरून पुढे आणतोय, आणि मागे धाकटी भावंडं आहेत. ती काय करताहेत? कोणी सागरगोट्यांसारखी हाडकं खेळतंय, कोणी भोवरा फिरवतंय. राज्याभिषेकाच्या शिल्पात पोरं खेळतच आहेत.

असिरियाने एकेक राज्य गिळलं. हमा इ.स.पू. ७२० मध्ये, कार्केमिश ७१७ मध्ये, कुम्मुह ७०८ मध्ये. ज्या दुसऱ्या सारगोनने हे केलं, तो इ.स.पू. ७०५ मध्ये तबालच्या मोहिमेवरच मारला गेला.

सामान्य माणसांबद्दल काही कळतं का?

थोडं. असिरियाच्या असुर शहरात शिशाच्या पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या सापडल्या, त्या उलगडल्यावर व्यापाऱ्यांची लुवियन पत्रं निघाली. अमुक माल पाठव, का पाठवला नाहीस, असा सूर. राजांच्या दगडांवरची फुगवलेली भाषा वाचून कंटाळा आला, की ही पत्रं वाचावीत. काराटेपेच्या लेखातही तो किल्ला बांधणारा अझतिवदा आधी 'घोड्यावर घोडा, सैन्यावर सैन्य, ढालीवर ढाल' वाढवल्याची फुशारकी मारतो, आणि मध्येच म्हणतो, की ज्या वाटांवर पूर्वी पुरुषमाणूस जायला भ्यायचा, तिथे माझ्या काळात बायका चाती फिरवत चालतात. सूत कातत, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले, नजर धाग्यावर. सुरक्षिततेची याहून चांगली खूण मला सुचत नाही.

लुवियनांनी कांस्ययुग बुडवलं, असं वाचलं. खरं का?

एबरहार्ड झांगर यांनी मांडलेली ही कल्पना आहे: पश्चिमेकडची लुवियन राज्यं एकत्र आली आणि त्यांनी हित्तींना पाडलं. जाणकारांपैकी फारच थोड्यांनी ती उचलली. अशी आघाडी झाल्याचा समकालीन लेख नाही. २०१७ साली बेयकॉयच्या एका लांबलचक लुवियन लेखाची नक्कल प्रसिद्ध झाली आणि तिने या कल्पनेला बळ मिळेल असं वाटलं. ती नक्कल पुरातत्त्वज्ञ जेम्स मेलार्ट यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कागदांत मिळाली होती. मूळ दगड कोणी पाहिलेला नाही. २०१८ मध्ये खुद्द झांगर यांनाच मेलार्ट यांच्या घरी बनावट मजकुरांचे कच्चे खर्डे सापडले आणि त्यांनी ते जाहीर केलं. इंटरनेटवर बेयकॉयचा हवाला दिसला, की पुढे वाचायची गरज नाही.

खरे शोधही लागतात. २०१९ मध्ये कोन्याजवळ तुर्कमेन-काराहोयूक इथे एका शेतकऱ्याने पाटाच्या पाण्यात अक्षरांचा दगड असल्याचं सांगितलं. संशोधक पाण्यात उतरले. 'महाराज हर्तापू' याने मुष्का देश जिंकल्याचा लेख निघाला.

भाषा संपली कधी?

चित्रलिपीतले लेख इ.स.पू. ७०० च्या आसपास थांबतात. तिची जवळची नातलग लिसियन इ.स.पू. चौथ्या शतकापर्यंत लिहिली जात होती. आणि रोमन काळातल्या ग्रीक लेखांत दक्षिण अनातोलियाच्या डोंगराळ भागात 'त्रोकोन्दास' नावाची माणसं भेटतात. तो तर्हुन्तच, फक्त पोरांच्या नावात उरलेला.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर कुठे जावं?

अंकाराचं अनातोलियन संस्कृती संग्रहालय आधी. यरिरी आणि भोवरा फिरवणारी पोरं तिथे आहेत. हमाचे दगड इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात. वेळ असेल तर इव्रिझ आणि काराटेपे, दोन्हीकडे दगड जागच्या जागी आहेत. लिपी शिकलेली नसली तरी एक चिन्ह ओळखून जा. लेखाच्या सुरुवातीला बरेचदा एक माणूस स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवत उभा असतो. त्याचा उच्चार 'अमु'. अर्थ, 'मी'.